शिट्टी पकडणारा डबा

ताश्कंदहून घाट ओलांडला की लागणाऱ्या खोऱ्यात, मर्गिलानच्या ‘लोला’ लग्नहॉलमध्ये नवरीचे आजोबा आशीर्वाद द्यायला उभे राहिले. त्यांनी दोन्ही तळवे वर धरले, चारशे पाहुण्यांनीही धरले, आणि नेमका तेव्हाच माईक किंचाळला. असा किंचाळला, की आजोबांनी उरलेला आशीर्वाद मनातल्या मनात देऊन टाकला.

हॉलची मालकीण सलोमत-ओपा, म्हणजे सलोमतताई, ती संध्याकाळ पाहुण्यांची समजूत काढत फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं साउंडवाल्या अब्रोरला बोलावून चहा ओतला. पियाली काठोकाठ भरली. अर्धी भरली असती, तर ‘बस, बोलू’ असा अर्थ झाला असता. काठोकाठ म्हणजे पी आणि चालू लाग.

“अब्रोरजोन, गुरुवारी रेशीमवाल्यांचं लग्न आहे,” ती म्हणाली. “त्यात एकदा जरी माईकची शिट्टी वाजली, तर शुक्रवारपासून नमनगानचे साउंडवाले येतील. अख्खा मोसम त्यांचा.”

मोसम म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, आठवड्याला चार लग्नं. अब्रोरचं वर्ष या तीन महिन्यांवर चालायचं.

आजार त्याला ठाऊक होता. हॉल म्हणजे नुसती काच आणि संगमरवर. मागच्या टेबलांना ऐकू जावं म्हणून पुढचे स्पीकर ओरडायचे, आणि गायिका मुहय्यो माईक घेऊन नाचणाऱ्यांत उतरली, की थेट त्या स्पीकरांच्या तोंडापुढे यायची. औषधही ठाऊक होतं. मिक्सर आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये एक प्रोसेसर बसवायचा. कोणत्या स्पीकरला किती, कोणत्या सुरात आणि किती उशिरा आवाज द्यायचा, हे तो ठरवतो. प्रश्न एवढाच होता, की कोणता घ्यायचा. आणि हा प्रश्न चार लोकांत विचारायचा नसतो, हे अब्रोरला उशिरा कळलं.

त्यानं फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहिलं, “दोन तारा आत, सहा बाहेर, आकारानं लहान. कोणता घेऊ?” खोऱ्यातले झाडून सगळे साउंडवाले या ग्रुपमध्ये होते. संध्याकाळपर्यंत एकतीस उत्तरं आली. त्यातल्या अकरा जणांनी नेमका तोच प्रोसेसर सुचवला, जो त्यांना स्वतःला विकायचा होता. चौघे म्हणाले, आधी स्पीकर बदल. एकानं विचारलं, लोलात पुलावाला मांस कुठून येतं? आणि अंदिजानच्या एका गृहस्थानं सात आवाजी संदेश पाठवले. हे गृहस्थ तीन वर्षांपूर्वी धंदा सोडून मधमाश्या पाळायला लागले होते. उंटावरून शेळ्या हाकणारे आपल्याकडे कधी कमी पडले आहेत?

पण ही सगळी परकी माणसं. खरी गाठ घरातच होती. तोहिर पोच्चा म्हणजे अब्रोरच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि धंद्यातले भागीदार. व्हॅन त्यांची, म्हणून प्रत्येक निर्णयात अर्धा वाटा त्यांचा. आणि वयानं मोठे, म्हणून उरलेल्या अर्ध्यातलाही अर्धा त्यांचाच.

अब्रोरनं फोनवर त्यांना चित्र दाखवलं. काळा डबा, दोन विटांएवढा. पुढच्या अंगाला एक दिवा, बाकी काही नाही. जे करायचं ते लॅपटॉपवरून.

“याला चेहराच नाही!” पोच्चा म्हणाले.

“चेहरा कशाला हवा, पोच्चा? लग्न त्याचं नाहीये.”

“लोक बघतात, उका, धाकट्या भावा. दिवे लुकलुकले, की लोकांना आवाजात दम वाटतो.”

“लोक ऐकायला येतात.”

“लोक जेवायला येतात,” पोच्चा म्हणाले. या बाबतीत ते चुकले होते असं म्हणता येणार नाही.

अखेर ठरलं: लहानच घ्यायचा. मंगळवारी पोच्चा घाट ओलांडून ताश्कंदला गेले आणि संध्याकाळी परतले ते एक मोठं धूड घेऊन. उंची हातभर, पुढे बारा हिरवे दिवे, फिरवायच्या सहा मुठी.

“हे काय आणलंत?”

“आधी ऐक तर! हा स्वतः शिट्टी ओळखतो. ती उठायच्या आत तिची मुंडी मुरगाळतो. तुझा लॅपटॉप नको, तुझे कान नकोत. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं.”

“कुणाच्या छातीवर?”

पोच्चा रुसले. बहिणीचा फोन आला. अब्रोरनं कपाळाला हात लावला.

बुधवारी दुपारी तो भांडायच्या तयारीनंच हॉलवर गेला. यंत्र जोडलं आणि माईक थेट स्पीकरच्या तोंडाशी धरला. आतून ‘ऊंऽ’ असा आवाज उठू लागला, एक दिवा लागला आणि आवाज गप्प झाला. पुन्हा धरला, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदाही तेच. सलोमत-ओपा कमरेवर हात ठेवून बघत होती. तिनं मान हलवली. पोच्चांनी रुमाल काढून बाराही दिवे पुसले, आणि ते अब्रोरला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. पण खरं सांगायचं तर त्यालाही हायसं वाटलं. चार तासांची किचकट जुळवणी वाचली. तो घरी जाऊन झोपला, आणि चूक झाली ती तिथे.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता नवरानवरी दारात आली. दारात दोघे करनायवाले उभे होते. माणसाहून लांब पितळी तुताऱ्या त्यांनी आभाळाकडे रोखल्या होत्या. पुढे गोफुर उस्ता, सुरनाय घेऊन. सुरनाय म्हणजे आपल्या सनईची चुलत बहीण, फक्त स्वभावानं तिखट. रिवाजाप्रमाणे उस्ता फुंकत फुंकत थेट मंचापर्यंत आले आणि मंचावरच्या उघड्या माईकांपुढे उभे राहून एक असा सूर लावला, जो त्यांचे वडीलही श्वास न तोडता धरायचे.

यंत्रानं तो ऐकला. लांब, उंच, न हलणारा सूर. पहिला दिवा लागला. उस्तांनी सूर बदलला, दुसरा लागला. मग करनाय घुमल्या, आणि दिवे भराभर लागत गेले.

“बघ, कशी कामाला लागलीय मशीन!” पोच्चा हरखून म्हणाले.

बाराच्या बारा दिवे लागले. वाजंत्री बाहेर गेली. मुहय्योनं गायला तोंड उघडलं आणि आवाज आला तो माठाच्या तळातून. ती दचकली. माईकवर टिचकी मारली. मग स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.

“पोरीला सर्दी झालीय का?” नवऱ्याचा मामा टेबलावरून ओरडला.

अब्रोरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “पोच्चा, या गाढवानं सुरनायला शिट्टी समजून पकडलंय! बारा ठिकाणी सूर कापलेत, आता मुहय्योच्या आवाजात काही उरलंच नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी!”

“मग गोफुरला सांग, जरा हळू फुंक.”

“लग्नात? सुरनाय? हळू?”

“विनंती करायला काय जातं?”

अब्रोर यंत्राकडे वळला. सगळे काप पुसून यंत्राची हुशारी बंद करायची एक कळ होती. दाबली तर आवाज परत येणार, पण शिट्टीही परत येऊ शकणार, आणि खांबाजवळ सलोमत-ओपा उभी होती. तिसरं गाणंही माठातच संपलं, तेव्हा त्यानं कळ दाबली. मंचावर जाऊन मुहय्योला म्हणाला, “बहिणी, आज गालिच्याच्या पुढे पाऊल टाकू नकोस.”

“आणि नाचणारे मला बक्षीस कसे देणार? हवेतून?”

“वर येऊन देतील.”

“तू काय माझा नवरा आहेस, उंबरा आखून द्यायला?”

पण ती उतरली नाही. नाचणारेच मंचावर चढले, तिथे बाजारासारखी गर्दी झाली, कुणाची तरी टोपी डफावर पडली. अब्रोर मिक्सरच्या मुठीवर बोट ठेवून चार तास डोळ्यांत तेल घालून बसला. एकदा ‘ऊं’ झालं. त्यानं ते तिथल्या तिथे दाबलं.

शुक्रवारी सलोमत-ओपानं हिशेब मांडला. “शिट्टी वाजली नाही, हे खरं. पण पहिली तीन गाणी कापसातून आली. आणि रविवारच्या लोकांनी मुहय्योला बोलावलंय ते ती टेबलांत उतरते म्हणून. तिला डांबून ठेवून शिट्टी थांबवायची, तर मीसुद्धा साउंडवाली झाले असते. नमनगानवाल्यांना मी विचारून ठेवलंय. रविवारी काय ते बघू.”

पोच्चा न सांगता ते धूड घेऊन ताश्कंदला गेले. दुकानात त्यांनी म्हणे करनायचा दोष काढला. पण परतले तेव्हा हातात दोन विटांएवढा काळा डबा होता.

शनिवारी अब्रोरनं गोफुर उस्तांना दुपारच्या पुलावाचं आमंत्रण दिलं आणि जेवणाआधी कामाला लावलं. उस्ता हॉलच्या प्रत्येक कोपऱ्यात उभे राहून फुंकत होते, मुहय्यो टेबलांमधून माईक घेऊन फिरत होती, अब्रोर लॅपटॉपवर वाकला होता. मागच्या टेबलांजवळ त्यानं दोन छोटे स्पीकर लावले आणि त्यांना आवाज पापणी लवण्याएवढा उशिरा दिला, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज एकदमच कानावर पडावा. मग पुढच्या स्पीकरांना ओरडायची गरजच उरली नाही. मोजून तीन सूर कापले, तेही थोडेथोडे. खुर्च्या मांडणाऱ्या बायकांनी कानांत कापूस घातला. आचारी झारा घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, शिट्टी परवडली.

रविवारी सुरनाय अंगावर काटा आणत मंचापर्यंत आली आणि तशीच पूर्ण सुरात परत गेली. मुहय्यो उतरली. स्पीकरांपुढून गेली, थांबली, मुद्दाम अब्रोरकडे बघत गिरकी घेतली. काही किंचाळलं नाही. नवरदेवाच्या आजीनं मागच्या टेबलावरून शब्दन् शब्द म्हणत साथ दिली.

सलोमत-ओपानं तिथेच उभं राहून नमनगानला फोन लावला. “नको,” ती म्हणाली. “या वर्षी नको.” आणि ती पुलावाकडे बघायला आत गेली.

अब्रोर तारा गुंडाळत होता. पलीकडे पोच्चा गोफुर उस्तांना चहा ओतत समजावत होते, “उस्ता, एक लक्षात ठेवा. प्रोसेसर नेहमी लहानच घ्यावा. दिव्याबिव्यांना भुलू नये. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.”

“मग मंगळवारी ताश्कंदहून ते काय आणलं होतं?” उस्तांनी विचारलं.

“ते होय?” पोच्चा म्हणाले. “ते आमच्या अब्रोरची खात्री पटावी म्हणून.”