खांबाजवळचं टेबल

लिफ्टमास्तरांच्या बायकोने आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं. तिला एकदा त्या मोठ्या हॉटेलात बसून दुपारचा चहा प्यायचा होता, बस. ती एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची, कपडे उसवून लहानमोठे करून द्यायची. संध्याकाळी ती बसची वाट पाहत उभी राहायची तिथून समोरच हॉटेलच्या उंच काचा दिसत. आत पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, चकचकीत किटल्या आणि तीन मजल्यांचं ते ताट: खाली सँडविच, मध्ये छोटे गोड पाव, वर केक.

"एवढंसं खायचं आणि त्याला तीन मजले!" ती एकदा घरी येऊन म्हणाली होती. "तुम्ही त्याला एक लिफ्ट बसवून द्या."

मास्तर हसले होते, पण लगेच त्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं. "गरम पाण्यात पत्ती बुडवायचे एवढे पैसे? आपल्या घरच्या चहाला काय धाड भरलीय?"

मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. चौतीस वर्षं शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि हाताखाली पाचपन्नास मुलं तयार केली, म्हणून ते मास्तर. माणूस निर्व्यसनी, पण खर्चाच्या बाबतीत हात भलताच आखडता. चहाची पत्ती दोनदा उकळायची ही घरातली शिस्त त्यांचीच. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की पोटात कळ आल्यासारखा चेहरा करायचे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि गेली दोन वर्षं दर बुधवारी दुपारी ते निवृत्त कामगारांच्या बैठकीला जात. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. परत आले की म्हणत, "रात्री मला थोडंच वाढ. तिथे बिस्किटं फार झाली." नवरा घरात कुढत बसत नाही, चार माणसांत जातो, याचं तिला कौतुक होतं. शर्टाला इस्त्री तीच करून द्यायची.

एके दिवशी दुरुस्तीला आलेल्या एका कोटाच्या खिशात तिला हॉटेलचं पत्रक सापडलं. आठवड्याच्या मधल्या दिवसांत, दुपारच्या पहिल्या पाळीला, चहा अर्ध्या दरात. तिने दुकानातूनच फोन लावला.

"दोघांत एक ताट घेतलं तर चालतं का हो?"

"चालतं, मॅडम."

"म्हणजे दुसरं घ्याच असं नाही ना म्हणणार?"

"नाही, मॅडम."

"आणि किटली?"

"किटली पुन्हा भरून देतो, मॅडम," पलीकडचा माणूस हसू दाबत म्हणाला.

तिने जादा कामाचे पैसे त्यात घातले आणि जागा आधीच पैसे भरून राखली. भरलेले पैसे परत मिळत नव्हते, हे तिला फारच आवडलं. आता मास्तरांना नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. वर्षभर कुणी न्यायला न आलेला एक राखाडी कोट दुकानमालकाने तिला देऊन टाकला. तिने त्याचे खांदे आत घेतले, बटणं बदलली. आरशात बघून तिची तिलाच ओळख पटेना.

गुरुवारी सकाळी तिने मास्तरांना सांगितलं. "मागच्या महिन्यात आपल्या लग्नाला तीस वर्षं झाली. तुम्ही विसरलात, मी काही बोलले नाही. आज अडीचला आपण त्या हॉटेलात चहाला जायचंय. पैसे भरलेत."

मास्तरांच्या हातातला चमचा बशीवर पडला. "कुठल्या हॉटेलात?"

"त्याच. बसस्टॉपसमोरच्या."

"आज काय वार आहे?"

"गुरुवार. काल तुमची बैठक होती ना, म्हणून आजचं घेतलं."

"गुरुवार," मास्तर म्हणाले. थोडा वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "गुरुवार ना? मग काही हरकत नाही. चल जाऊ."

इतक्या चटकन? दोन तास वाद घालायची तयारी करून बसलेली ती, तिला क्षणभर पायरी हुकल्यासारखं झालं. पण आनंदात माणूस खोलात शिरत नाही. तिने जेवण अर्धंच केलं, पोटात जागा हवी म्हणून.

हॉटेलच्या दारात मास्तर उगीचच तिच्या मागे रेंगाळले. ती मात्र कोटाची कॉलर ठीक करून सरळ आत गेली. तिला हव्या असलेल्या सगळ्या गोष्टी जागच्या जागी होत्या. ती डोळे भरून बघत असतानाच चाळिशीची एक वाढपीण हातात ट्रे घेऊन समोरून आली आणि थबकली. तिचा चेहरा खुलला.

"काका! आज गुरुवारी कसे?"

"तुझी... तुझी सुट्टी असते ना आज?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"अदलाबदल केली, उद्या घरी काम आहे. बरंच झालं की, भेट झाली. या ना, तुमचं खांबाजवळचं टेबल रिकामंच आहे." मग ती बायकोकडे वळली. "तुम्ही काकांच्या बहीण ना? छान केलंत आलात ते. दर बुधवारी एकटेच येऊन बसतात हो. जीव तुटतो बघून. काकू गेल्यापासून माणूस अगदी एकटा पडलाय."

आधी बायकोला वाटलं, ही कुठल्या दुसऱ्याच काकांबद्दल बोलतेय. मग तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आपल्या बुटांकडे बघत होते. वाढपिणीने त्यांना खांबाजवळ नेऊन खुर्ची मागे ओढून धरली, म्हणून ती बसली.

"मी लांब असते," आपलाच आवाज तिला ऐकू आला. "वहिनीचं मला नीट कळलंच नाही. काय झालं होतं तिला?"

"काकांनी नाही सांगितलं?" वाढपिणीने आवाज खाली आणला. "छातीत कळ आली म्हणे. शिवणाच्या मशीनवरच मान टाकली."

"मशीनवरच," ती म्हणाली. "म्हणजे फार हाल नाही झाले."

"नाही हो, पुण्यवान बाई. काकूंबद्दल इतकं ऐकलंय की मी ओळखतच होते असं वाटतं. ओठांत टाचण्या धरून गुणगुणायच्या ना? आणि थट्टेखोर किती! तीन मजली ताट बघून म्हणाल्या होत्या ना, याला लिफ्ट बसवा?" वाढपीण हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "इथे एकदा चहा प्यायची फार इच्छा होती त्यांची. राहूनच गेलं. म्हणून तर काका येतात. त्यांच्या वाटचा चहा प्यायला."

वाढपीण ताट आणायला गेली. खांबाच्या या बाजूला दोघंच उरली.

"अगं, ऐक," मास्तर म्हणाले.

"ऐकतेय. बोला."

"तसं काही ठरवून नाही झालं. दोन वर्षांपूर्वी इथल्या लिफ्टमध्ये बिघाड होता, जुनी लिफ्ट, यांच्या माणसांना जमेना. मला बोलावलं. काम झाल्यावर मॅनेजर म्हणाला, बसा, चहा घ्या. या बाईने विचारलं, काकू नाहीत का? मी म्हटलं, नाहीत. म्हणजे सोबत नाहीत. तिने वेगळाच अर्थ घेतला. डोळ्यांत पाणी आणून लिंबाचा टार्ट आणून ठेवला माझ्यापुढे. आता त्या क्षणी काय सांगणार?"

"सांगायचं होतं, आहे म्हणून. घरी बटणं लावतेय म्हणून."

"पहिल्या दिवशी राहिलं. दुसऱ्या बुधवारी ती विचारायला लागली, कशाने गेल्या. मग अडकतच गेलो गं."

"दुसऱ्या बुधवारी तुम्ही आलात कशाला? दुसऱ्या बुधवारी लिफ्ट बंद नव्हती."

मास्तर टेबलक्लॉथची कड सरळ करू लागले.

"आणि मला का नाही आणलं?"

"तुला कसं आणणार? तू तर..." ते अडखळले.

"मी मेले होते. बरोबर आहे. पण त्या पहिल्या दिवशी तर मी जिवंत होते ना? घरी येऊन एवढंच म्हणायचं होतं, अगं, आज मी तिथे चहा प्यालो, पुढच्या वेळी तू चल. तीस वर्षं तुम्ही मला सांगितलंत, आपल्यासारख्यांची ती जागा नाही. मी मानलं. पत्ती दोनदा उकळून मी तो चहा प्यायले, आणि इस्त्री करून तुम्हाला शर्ट दिला. बैठकीसाठी!"

"मी फक्त एक किटली घ्यायचो," मास्तर पुटपुटले. "सगळ्यांत स्वस्त. बाकीचं तीच आणून द्यायची." मग ते म्हणाले, "मला एक तास असा हवा होता, की त्यात कुणी माझं नसेल. तुझ्यावर राग नव्हता. खरंच नव्हता."

राग असता तर तिला कळलं असतं. रागाशी भांडता येतं. दुसरी बाई असती तरी कळलं असतं, तिच्या नावाने बोटं मोडता आली असती. इथे तर तिचीच थट्टा, तिचंच गुणगुणणं, तिचीच इच्छा घेऊन हा माणूस दर बुधवारी दुसऱ्या कुणापुढे मांडत होता आणि त्यावर गोड खात होता. गुणगुणणं आवडतं असं तिला तरी कधी म्हणाला होता का?

वाढपीण तीन मजली ताट घेऊन आली आणि शेजारी एक वेगळी बशी ठेवली. त्यात दोन टार्ट होते. "एक काकांचा, एक काकूंचा. बिलात नाहीत हे, माझ्यातर्फे. माझा नवरा गेला त्याला पाच वर्षं झाली. मला कळतं."

लिफ्टमास्तरांची बायको उठून उभी राहिली.

"मी बहीण नाही," ती म्हणाली. "मीच ती. मशीनवर मान टाकलेली."

वाढपीण आधी हसली, कारण तिला ती काकूंच्या घरातली थट्टाच वाटली. मग तिने मास्तरांकडे पाहिलं. ते मान वर करीनात. तिचं हसू ओठांवरच वाळून गेलं. तिने टार्टची बशी तेवढी उचलली आणि ती आत निघून गेली. पुन्हा त्या टेबलाकडे दुसरीच मुलगी आली.

बायकोने चहा प्यायला, दोन कप. सँडविच खाल्लं, गोड पाव खाल्ला, केक खाल्ला. पैसे तिचे होते. कशाचीच चव तिला लागली नाही, पण मास्तरांसाठी तिने काहीही उरवलं नाही.

घरी आल्यावर तिने स्वयंपाक केला, वाढलं, भांडी घासली. मास्तर दोनदा बोलायला आले. तिसऱ्यांदा म्हणाले, "पाणी देतेस जरा?"

"माठ तिथे आहे. मेलेल्या माणसाच्या हातचं कशाला पिता?"

दुसऱ्या दिवशी तिने लेकीला फोन केला. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात होती. सगळं सांगताना हिचा आवाज दोनदा फाटला. पलीकडे लेक खो खो हसत सुटली.

"आई गं! बाबा म्हणजे ना, अशक्य आहेत! एका टार्टसाठी तुला मारून टाकलं?" आणि मग आई हसत नाही हे कळल्यावर, "अगं, पण एकटेच तर बसायचे ना? दुसरं काही नव्हतं ना? मग कशाला एवढं लावून घेतेस?"

तिने फोन ठेवला. आता तिच्या लक्षात आलं की आपण हे जिला सांगू ती असंच म्हणणार. दुकानातल्या बायका हसतील, शेजारीण हसेल. ज्याला गुन्हा म्हणून नावच नाही अशा गुन्ह्याची तक्रार कुणाकडे करायची?

शनिवारी दुकान सुटल्यावर ती तोच राखाडी कोट घालून हॉटेलच्या मागच्या गल्लीत जाऊन उभी राहिली. तिथे कामगारांचं दार होतं, धुण्याच्या कपड्यांच्या ट्रॉल्या होत्या, ओल्या फरशीचा वास होता. पाळी संपवून वाढपीण बाहेर आली. साध्या कपड्यांत ती जास्त थकलेली दिसत होती. हिला बघून ती क्षणभर थांबली आणि मग चालायला लागली. ही तिच्या बरोबरीने चालली.

"तुम्ही कशाला आलात?" वाढपिणीने विचारलं. "माफी मागायला? तुम्ही काय केलंय?"

"काहीच नाही. पण हसणार नाही असं दुसरं कुणी मला सापडलं नाही."

वाढपिणीने हातातली पिशवी खांद्यावर घेतली. "माझ्या नवऱ्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही," ती म्हणाली. "सासरी नाही, माहेरी नाही. त्यांच्याशी बोलले. शेवटचे दोन महिने त्याने मला ओळखलं नव्हतं, हेसुद्धा सांगितलं. ते मान हलवायचे. म्हणायचे, हो बाई, मलाही ठाऊक आहे हे दुःख." तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "आता ते परत कसं घेऊ? सांगून झालं ना."

"माझी थट्टा, माझं गुणगुणणं मलाही परत घेता येत नाही," लिफ्टमास्तरांची बायको म्हणाली.

दोघी बसस्टॉपवर आल्या. बाकावर एकच जागा होती. वाढपिणीने पिशवी मांडीवर घेऊन जरा सरकून बसत तिला जागा करून दिली.

"राहणार त्यांच्याजवळ?"

"राहीन. जाऊ कुठे? आणि माणूस तसा वाईट नाही, हे मलाच सगळ्यांत जास्त ठाऊक आहे. तेच तर लागतं." ती आपल्या खरखरीत बोटांकडे बघत राहिली. "काल रात्री म्हणाले, पुढच्या बुधवारी तुला घेऊन जातो, पूर्ण दरात, दोन ताटं. मी म्हटलं, आता तिथे माझं काय आहे?"

वाढपिणीची बस आली. ती उठली, पायरीवर एक पाय ठेवून वळली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघत म्हणाली, "कोट छान बसलाय तुम्हाला."

"मीच नीट केलाय," ती म्हणाली. बस निघून गेली. तिची बस यायला अजून वेळ होता, आणि घरी जायची तिला घाई नव्हती.