जन्मात न हलणारी घोडी

शिवणबाईंना गाता येत नाही, हे त्यांना फार लहानपणी सांगून टाकण्यात आलं होतं. शाळेच्या समूहगीतात गाण्याच्या बाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, तू रांगेत उभी राहा, पण नुसते ओठ हलव. झालं! त्या दिवसापासून ह्या माणसाने तोंडातून सूर म्हणून काढला नाही. न्हाणीघरात नाही, एकटी असताना नाही, आणि मुलगी झाली तेव्हा तिला झोपवतानासुद्धा नाही. बिचारी पाठ थोपटत राहायची, खोलीत येरझाऱ्या घालायची, पण अंगाई म्हणून नाही. आपल्या बेसूर गळ्याने पोरीचा कान बिघडेल, अशी भीती. आता ह्या भीतीला काय म्हणावं! पण माणसाला एकदा एक गोष्ट मनात बसली की बसली.

पुढे त्याच शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नवरा सुतार. हात सोन्याचे, पण खोड एकच: हलणारी वस्तू त्याला बघवत नाही. टेबलाचा पाय, दाराची मूठ, शेजाऱ्यांच्या देवघराची कडी, जे म्हणून सैल दिसेल ते चिकटवून मोकळा. कारखान्यातले मित्र त्याला डिंक्या म्हणतात, आणि तो ते बिरुदासारखं मिरवतो.

कोपऱ्यावरच्या घरात मास्तर राहायचे. पूर्वी वाद्यवृंदात मेंडोलिन वाजवायचे, आता एकटेच. त्यांच्या उशांचे अभ्रे द्यायला शिवणबाई गेल्या तेव्हा मास्तर वाजवत बसले होते, आणि बाई अभ्रे हातात घेऊन उंबऱ्यातच थबकल्या. मुलीला नुकतीच मुलगी झाली होती, महिनाभरात बाळाला घेऊन राहायला येणार होती. बाईंच्या डोक्यात एकदम आलं, गळा नसेना का, बोटं तर आहेत! आपल्या आईची अंगाई निदान तारेवर तरी वाजेल. एवढंच हवं होतं त्यांना, चार ओळींची अंगाई. मुलीचं राहिलं ते नातीला तरी मिळावं.

मास्तरांनी आपलं जुनं मेंडोलिन त्यांना वापरायला दिलं. ते मांडीवर धरायचं कसं इथपासून सुरुवात. आठ तारा, पण जोडीजोडीने, म्हणजे मुळात चारच सूर. दोन तारा एका बोटाखाली दाबायच्या म्हणजे सुतळीत बोट अडकल्यासारखं व्हायचं. सुईने टोचून टोचून बाईंची बोटं निबर झालेली, त्यांना वाटलं होतं आपलं काम सोपं. कसलं काय! पहिल्या आठवड्यात बोटांच्या टोकांवर अशा रेघा उमटल्या की दोरा ओवताना कळ मस्तकात जायची. उजव्या हातातली नखी, म्हणजे छेडायचा तो प्लास्टिकचा तिकोनी तुकडा, सारखी सटकून वाद्याच्या पोटात पडायची. मग वाद्य पालथं करून हलवत बसायचं. डिंक्या म्हणाला, नखी बोटाला चिकटवून देऊ का? बाईंनी नखी मुठीत लपवली.

पण जमायला लागलं हो! तारा जुळवायला मास्तरांनी एक छोटं यंत्र दिलं होतं. ते वाद्याच्या टोकाला लावायचं आणि हिरवा दिवा लागेपर्यंत खुंटी पिळायची. तार जुळवून घ्या, मग बोटं आपोआप शिकतील, असं मास्तर म्हणायचे. अंगाईच्या पहिल्या दोन ओळी ओळखू येण्याइतक्या वाजल्या तेव्हा बाईंनी मशीनवरचं काम तसंच टाकून त्या पुन्हा पुन्हा वाजवल्या. मग मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे गेले, जाताना म्हणाले, रोज थोडं वाजवत जा.

आणि इथे माशी शिंकली. मास्तर गेले त्याच आठवड्यात बाई कापड आणायला बाहेर पडल्या होत्या. डिंक्याला वाटलं, बायको एवढी मेहनत करते, आपणही काहीतरी करावं. परत आल्यावर बघतात तर मेंडोलिन आरशासारखं लखलखत होतं. पॉलिश केलंय, नव्या तारा चढवल्यात, डिंक्या खुशीत सांगत होता. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली.

पण त्या दिवसापासून अंगाई बिघडली. हिरवा दिवा लागायचा, मोकळ्या तारांचे चारही सूर जागेवर, आणि बोट ठेवलं की सूर चढा. वरच्या बाजूला ठीकच लागायचं, पण बोट जसजसं खाली, पोटाकडे सरकावं तसतसा तो जास्तच चढायचा. बाईंनी बोट हळू दाबून पाहिलं, तिरकं ठेवून पाहिलं, नखं मुळापासून कापली. डिंक्याला ऐकवलं तर तो म्हणाला, छानच वाजतंय की, आधी असंच होतं. त्याचं ते ‘छानच’ ऐकून तर त्यांना रडूच आलं. यंत्र म्हणतं बरोबर, नवरा म्हणतो बरोबर, म्हणजे खोट आपल्या कानातच. गाण्याच्या बाई खऱ्या होत्या तर! मुलीचं येणं चार दिवसांवर आलं होतं. मास्तर परतल्याचं कळलं तशी बाईंनी वाद्य पिशवीत घातलं आणि परत करायला निघाल्या. डिंक्याही निघाला बरोबर, त्याला पॉलिश दाखवायचं होतं.

मास्तर काळा चष्मा लावून बसले होते, त्यांना पॉलिश काय दिसणार! बाई म्हणाल्या, तुम्ही मनापासून शिकवलंत, पण माझ्याकडे कानच नाही, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या. मास्तरांनी विचारलं, नक्की काय बिघडतंय? बाईंनी सांगितलं, बोट खाली जावं तसा सूर चढत जातो. मास्तरांनी मान वर केली. वाद्य मांडीवर घेऊन एकदा मोकळी तार छेडली, मग मधोमध, जिथे तोच सूर वरच्या पट्टीत मिळायला हवा तिथे, बोट ठेवून तीच तार पुन्हा छेडली. हसले. आणि चाचपडत त्यांचा हात घोडीवर गेला. घोडी म्हणजे पोटावरची ती आडवी लाकडी पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. तिला त्यांनी बोटाने ढकलून पाहिलं.

“ही हलत कशी नाही?” त्यांनी विचारलं.

डिंक्याची छाती फुगली. “तारा काढल्या तर निघूनच आली होती, मास्तर. नुसती ठेवलेली! मी मापं घेऊन चिकटवली. आता जन्मात हलणार नाही.”

मास्तरांनी समजावलं की मेंडोलिनची घोडी सैलच असते. तारांच्या दाबाने उभी राहते, आणि सूर मिळेपर्यंत ती पुढेमागे सरकवायची असते. खाली एक फिकट रेघ होती, जागेची खूण. तिचं काय झालं? डिंक्याने घसा साफ केला. ती रेघ त्याला मळ वाटली होती, त्याने ती घासून काढली होती. त्याने घोडी ठेवली ती डोळ्यांना नीट दिसेल अशी, मधोमध, म्हणजे मूळ जागेच्या अर्धं बोट पुढे. एवढा धिप्पाड माणूस, पण स्टुलावर असा अंग चोरून बसला की बघवेना.

मास्तरांनी त्यालाच ते दोन सूर पुन्हा ऐकवले. “सुतार, दोन्ही जुळतात का?”

“जुळतात की,” डिंक्या प्रामाणिकपणे म्हणाला.

“बाई, तुम्ही?”

“नाही. दुसरा चढलाय,” बाई म्हणाल्या.

“मग बेसूर कोण?” मास्तर म्हणाले. “यंत्राला कळलं नाही, ह्यांना कळलं नाही. बेसूर माणसाला हे टोचतच नाही, बाई. तुम्हाला कान नाही असं कोण म्हणालं?”

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. डिंक्या उठला आणि घरून पातळ सुरी घेऊन आला. मास्तरांच्या शेगडीवर ती जरा जरा तापवत, थेंब थेंब पाणी सोडत, त्याने तो सांधा उकलायला घेतला. उभ्या आयुष्यात त्याने सांधा असा सोडवला नव्हता. कपाळावरून घाम गळत होता, पण लाकडाचा एक कपचा निघू दिला नाही त्याने.

घोडी सुटली, तारा पुन्हा चढल्या. मास्तर म्हणाले, जागा बाईंनीच शोधायची. मोकळ्या तारेचा सूर मनात धरायचा आणि बोट ठेवून मिळतो का बघायचं. डिंक्याने वाद्य दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बाईंनी घोडी सरकवली, छेडली, पुन्हा सरकवली. पण सूर मनात राहीना, बोट ठेवून पुन्हा छेडेपर्यंत निसटायचा.

“मनात राहत नसेल तर गळ्यात धरा,” मास्तर म्हणाले.

“मला गाता येत नाही.”

“गा कोण म्हणतंय? नुसता धरून ठेवा.”

बाईंनी डोळे मिटले. आधी नुसता श्वास आला, मग बारीक, कापरा ‘आ’. तार छेडली, घोडी जराशी मागे, अजून केसभर मागे, आणि तार येऊन त्यांच्या आवाजाला मिळाली. डिंक्याला सुरातलं काही कळत नव्हतं. पण एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोचा हा आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला, आणि त्याच्या हातातलं वाद्य थोडं हललं. बाईंनी त्याला दटावलं आणि पुन्हा सूर धरला.

मुलगी आली. दुपारी बाळ किरकिरायला लागलं तशी बाईंनी मेंडोलिन घेतलं. दुसऱ्या ओळीत बोट चुकलं, तिसऱ्या ओळीत नखी पोटात पडली. मग काय करणार, उरलेली अंगाई त्यांनी तोंडानेच म्हटली. बाळ झोपलं. मुलगी आईकडे बघतच राहिली.

“मला का नाही म्हटलीस कधी?” तिने विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं, गाण्याच्या बाईंपासून घोडीपर्यंत. मुलीने ऐकून घेतलं. मग बाळाशेजारी उशी ओढून ती आडवी झाली, तोंड आईकडे केलं आणि म्हणाली, “मग आता म्हण.”

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पलंगाचा एक पाय जरा डुगडुगत होता. डिंक्याने तो पाहिला आणि दाराशी तसाच उभा राहिला.