सबळ कारण

गोजरबाई दारापुढं अंबाडीचा दोर वळत बसली होती. शाळेच्या शिपायानं लांबूनच हाक दिली, की संतरामला घेऊन कमिटीपुढं यायचं आहे. पोरानं काही केलं की काय, या धास्तीनं तिनं पदराला हात पुसले आणि निघाली.

संतराम तिचा एकुलता एक. पोळ्यानंतर तिनं त्याला खेड्यातल्या शाळेतून काढलं आणि हिंगोलीला, भाऊ दगडोबाच्या आसऱ्याला आणलं. हुतूतूत पोराचा दम असा, की त्याला धरताधरता समोरचे गडी थकून जात. पण जिल्ह्याच्या सामन्यांना एक नियम होता. दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलानं वर्षभर खेळू नये; सबळ कारणानं शाळा सोडली असेल, तरच नव्या शाळेच्या कमिटीनं माफी द्यावी. शाळा एकमेकींचे गडी कपडालत्ता देऊन पळवत, त्याला आळा बसावा म्हणून केलेला हा नियम. त्यात वाईट काही नव्हतं.

वाईट होते ते तो चालवणारे. कमिटीचे अध्यक्ष नामाजी देशमुख यांचा भाचा रामकिशन दिवाळीनंतर पुसेगावहून आला. तिथली हवा त्याला मानवत नाही, हे कारण सबळ ठरलं आणि तो संघात बसला. संतरामला मात्र कारण कुणी विचारलंच नाही. उलट सरावात या मांगाच्या पोराचा हात लागला, म्हणून दोन घरांत आपापल्या मुलांवर गोमूत्र शिंपडलं गेलं.

परभणीचा अखेरचा सामना तोंडावर आला. ड्रिलमास्तर रतनसिंगांनी स्पष्ट सांगितलं, की संतरामशिवाय निभाव लागणार नाही. तेव्हा कुठं कमिटीला तो आठवला. गोमूत्र शिंपडणारे दोघेही त्या कमिटीत होते.

कमिटीची मंडळी शाळेच्या ओसरीवर पान चघळत बसली होती. मायलेकरं खाली अंगणात उभी. एरवी 'गोजरे' म्हणणारे देशमुख आज 'गोजरबाई' म्हणाले. माफी द्यायला सगळे राजी आहेत, तिनं एवढंच सांगावं, की नवरा वारला, पोट भरायला भावाकडं आले, म्हणून शाळा सुटली. जुन्या शाळेचा विषय नको. ती शाळा देशमुखांचे मेव्हणे चालवत.

गोजरबाई बोलणारही होती. एवढ्याशा खोट्यानं लेकरू मोटारीत बसून परभणीला जाणार होतं. तिनं तोंड उघडलं, आणि शेजारी संतरामनं डावा हात सदऱ्याखाली लपवला. त्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. हळद बांधताना तो कसा कळवळला होता, ते तिला आठवलं. समोरच्या स्वच्छ धोतरांतल्या माणसांना त्याचा दम हवा होता. बोटं तेवढी झाकून हवी होती.

"मालक, नवरा मरून लई सालं झाली. तवा शाळा सुटली न्हाई," ती म्हणाली. "लेकरानं शाळेतल्या माठातलं पानी पेलं, म्हून मास्तरनं त्याची बोटं मोडली. त्याच्यापायी काढलं मी त्याला. तुमच्या भाच्याला हवा सोसंना, माझ्या लेकराला मार सोसंना. माझंच कारण लहान काहून?"

"एवढं पोटात ठेव. पोराचं कल्याण हुईल," देशमुख म्हणाले.

"न्हाई ठिवत."

देशमुखांनी पिंक टाकली आणि निकाल दिला, की कारण सबळ नाही.

नियम लावायचा तर दोघांनाही लावा, असं म्हणून रतनसिंगांनी संघ न्यायला नकार दिला. त्यांच्या जागी दुसरा मास्तर गेला. आणि वाचकहो, तो संघ हरला असता तर बरं वाटलं असतं, पण तो जिंकला. मिरवणुकीत हलगी वाजवायला दगडोबाला बोलावणं आलं, वर लांबून चालण्याची ताकीदही. तो गेला नाही.

गुलाल उधळत मिरवणूक वस्तीच्या कडेनं गेली. संतराम उंबऱ्यात बसून ऐकत होता.

"माय, उद्या शाळंत जाऊ का?"

"जायाचं. न जायला काय झालं? पुढच्या साली तू नवा ऱ्हानार न्हाईस."

"तवा ते दुसरं कायी हुडकतील."

गोजरबाईनं दोराला पीळ दिला.

"हुडकू दे. मंग मी बी पुन्हा जाईन तितं, बोलायला."