सिरिलची हरकत

“दोनदा ठिगळ लावलेला पंप आहे हा, व्हर्ना. तिसऱ्यांदा टिकायचा नाही,” सिरिल पार्डी म्हणाला.

न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात सत्तावीस वर्षं तो पाण्याचे पंप सांभाळत होता. सभेत उभा राहण्याची ही त्याची पहिलीच वेळ. नवी मेयर व्हर्ना कीपिंग हिने नवा पंप पुढच्या वर्षावर ढकलून आधी आगीचा बंब घ्यायचं ठरवलं होतं.

त्याचं पुरतं बोलून व्हायच्या आत मागून त्याचा शेजारी चेस ओरडला, “हिला पंपातलं काय कळतंय? घरी जाऊन पाव भाज म्हणावं!”

“आणि तिचा तो आवाज ऐका! नवरा कसा टिकलाय कोण जाणे!” आणखी कुणीतरी म्हणालं.

सभागृह हसलं. सिरिलही हसला, किंचितच. व्हर्नाने ते पाहिलं. “नोंद घेतली,” एवढंच म्हणून ती पुढच्या विषयाकडे वळली.

घरी खारवलेला कॉड मासा आणि बटाटे वाढताना त्याची बायको एफी म्हणाली, “हसलास तू.”

“सगळेच हसले.”

“पंपाचं तुझं खरं आहे. पण ह्यूबर्ट मेयर होता तेव्हा अकरा वर्षं त्यानंही नवा पंप असाच पुढे ढकलला. त्याच्यापुढे सभेत उभा राहिलास कधी?”

“ह्यूबर्टशी बोटीवर बोलणं व्हायचं गं.”

“मग व्हर्नाच्या दारात एकदा तरी गेलास?”

सिरिल खाली मान घालून जेवला.

दुसऱ्या दिवशी व्हर्नाच पंपघरात आली. रबरी बूट घातलेले, एकटी.

“दाखव,” ती म्हणाली.

त्याने गळती दाखवली. तिने गुडघे टेकून हात आत घातला, गंजाचे पोपडे तळव्यावर घेतले.

“तुझं बरोबर आहे. मी चुकले.” ह्यूबर्टच्या तोंडून हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. “काल चेस ओरडला आणि मला वाटलं, तूही त्याच्यातलाच. मग पंपाचं मी ऐकलंच नाही.”

“मी पंपासाठीच उभा होतो.”

“फक्त पंपासाठी?”

सिरिलने पाना उचलला, पुन्हा खाली ठेवला. “खरं सांगायचं तर, मला ठाऊक नाही,” तो म्हणाला.

पुढच्या सभेत तो पुन्हा उभा राहिला. “नवा पंप याच वर्षी हवा, माझं म्हणणं कायम आहे. पण हे मी ह्यूबर्टला सभेत कधी विचारलं नाही. आणि मागच्या वेळी मी हसलो. तेही लिहून घ्या.”

“भाषण एफीनं लिहून दिलं वाटतं!” चेस म्हणाला. दोघं-तिघं हसले.

कारकुनाचा हात थांबला. “हसलो, हेही लिहू?”

“तो म्हणाला तसंच लिही,” व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज तोच होता, पण या वेळी त्यावर कुणी हसलं नाही. पंप एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

सभा सुटली तेव्हा बंदरावर धुकं उतरलं होतं. चेस नेहमी सिरिलच्या गाडीतून घरी जाई. आज तो मागे न बघता पायीच निघाला. सिरिलने त्याच्या बाजूचं दार उघडलं, इंजिन चालू केलं आणि वाट बघत बसला. चेसची पाठ धुक्यात दिसेनाशी झाली, तेव्हा त्याने वाकून ते दार स्वतःच ओढून घेतलं.