ठरलेलं मिळतं

“परत एकदा लाव, अनुजा. कुठेतरी चुकलंय,” चार्ल्स अंकल म्हणाले.

मी एचआरच्या कॉम्प्युटरवर तिसऱ्यांदा आकडे घातले. उत्तर तेच आलं. एकोणतीस हजार दोनशे साठ रियाल. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर, साठीला निवृत्त होताना मिळणारी ग्रॅच्युइटी. अंकल शहाण्णव हजार धरून आले होते.

“अंकल, ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते. तुमचं बेसिक बावीसशे आहे. बाकी पाच हजार अलाउन्स.”

“पण पगार सात हजार दोनशे ना?”

त्यांची फाइल माझ्यासमोर होती. बारा वर्षांपूर्वी कंपनीने विचारलं होतं, बेसिक तीनशेने वाढवायचं की अलाउन्स पाचशेने? वसईच्या घराचे हप्ते चालू होते. अंकलनी पाचशे घेतले आणि वर साहेबांचे आभारही मानले. पुढे दर वेळी तेच. आखातात आलेला माणूस महिन्याला हातात काय पडतं ते बघतो, आणि कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. असे फॉर्म मीही गेली दोन वर्षं लोकांपुढे सरकवतेच आहे.

संताप याचा येतो की या माणसाला पैशातलं कळत नाही असं कुणाच्याने म्हणवणार नाही. आमचे मॅनेजर कॉलिनसाहेब ऑस्ट्रेलियाचे. तिकडे मालकाला प्रत्येक नोकरदाराच्या निवृत्ती फंडात पैसे भरावेच लागतात आणि फंड ते बाजारात गुंतवतो. साहेब इथे येण्याआधी पंचवीस वर्षं तिकडे नोकरीला होते. रोज सकाळी ते मोबाइलवर आपल्या फंडाचा आकडा बघत आणि कागदपत्रं घेऊन आलेल्या अंकलनाही दाखवत. ऐकून ऐकून अंकलना सगळं पाठ झालं होतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बाजार कोसळला, साहेबांचे आठवड्यात साठ हजार डॉलर गेले. तोंड पांढरं पडलं होतं बिचाऱ्यांचं. राहिलेलं शेअर्समधून काढून सुरक्षित ठिकाणी टाकायला निघाले, तेव्हा अंकलनीच त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाले, “सर, आत्ता हलवलंत तर तोटा पक्का. थांबा.” साहेब थांबले. साठ हजार परत आले, वर आणखी आले.

आणि नेमके तेच साहेब आत्ता दारातून डोकावले. “चार्ल्स! सुटलास बाबा!” ते इंग्रजीत म्हणाले. “माझा फंड आज पुन्हा खाली. तुमचं बरं असतं, बाजार पडला तरी ठरलेलं मिळतं.”

“येस सर,” अंकल हसून म्हणाले.

साहेब गेले. मला त्यांच्या मागे जाऊन दोन शब्द सुनावावेसे वाटले. सुनावले नाहीत. माझाही करार मार्चमध्ये संपतो.

अंकलची बायको, लिझी आंटी, अकरा वर्षं वसईत त्यांच्याशिवाय राहत होत्या. इथल्या अल अझीझिया भागातल्या घराचं भाडं परवडेना म्हणून मुलांना घेऊन परत गेल्या होत्या. या नाताळपासून दोघं एकत्र राहणार होते. घरावर अजून अठरा लाखांचं कर्ज होतं आणि ग्रॅच्युइटीतून ते फेडूनच अंकल जाणार होते; आता मिळणाऱ्या रकमेत ते निम्मंही फिटणार नव्हतं.

“साठीनंतर ठेवतात ना एखाद्याला?” त्यांनी विचारलं.

“अर्ज केला तर वर्षभर ठेवतात. पण नवीन माणूस म्हणून. पगार कमी होईल.”

“किती?”

“दोन हजारांनी.”

“टाइप कर.”

मी अर्ज काढला. त्यांनी न वाचता सही केली आणि मग आंटींना फोन लावला.

“लिझी, अगं, नाताळला नाही जमत. कंपनी सोडतच नाही मला. साहेब म्हणतात, चार्ल्सशिवाय ऑफिस चालणार नाही. खोटं कशाला बोलू? थांब, आमच्या ऑफिसातली अनुजा आहे, तिलाच विचार.”

त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

“खरं का गं?” आंटींनी विचारलं.

“हो आंटी. कुणी सोडायलाच तयार नाही त्यांना.”

पलीकडे आंटी नाक ओढून हसल्या.

“मला ठाऊकच होतं. कामाला वाघ आहे तो. मग साहेबांना सांग ना, एवढी गरज आहे तर पगार वाढवा म्हणावं.”

“सांगते, आंटी,” मी म्हटलं.