मधल्या बोळातली डबी

दोन पेन्सिल सेल.

अठरा अंश.

सासूबाईंच्या कमरेला नव्या शेडची किल्ली.

माझं डावं मनगट.

साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी. दिवसभर झोपते, तरी कौतुक तिचंच.

कौतुक खरं तर माझ्या धाकट्या जावेचं. आमच्या अळंबीच्या सहा खोल्यांत या डब्या तिने लावल्या. वायर नाही. दर पंधरा मिनिटांनी डबी जागी होते, हवा किती गरम, किती दमट ते मोजते, शेजारच्या डबीला सांगते, पुन्हा झोपते. निरोप असा हातोहात ऑफिसातल्या पडद्यावर.

"दोन वर्षं त्याच सेलवर चालतील, आई," धाकटी सासूबाईंना म्हणाली.

"नाहीतर आमची थोरली! चार कप चहाशिवाय हलत नाही," सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मीही. जबडा दुखेपर्यंत.

एकोणीस वर्षं मी प्रत्येक दारात उभी राहून मनगट आत धरत आले. हवा बिघडली की त्याला कळतं. नवी शेड सासूबाई आम्हा दोघींपैकी एकीच्या हाती देणार होत्या; ती मलाच मिळायला हवी होती.

पुढच्या तीन खोल्या तिच्या, मागच्या तीन माझ्या. एका दुपारी मी गुपचूप माझ्या डब्या दर मिनिटाला जाग्या होतील अशा लावल्या. पडद्यावर माझी रेघ कशी भरगच्च दिसू लागली!

"थोरलीनेही मनावर घेतलंय हं," सासूबाई म्हणाल्या.

त्या एका वाक्यावर मी खोल्यांत जाणंच सोडलं. पडद्यासमोर बसून राहिले.

मागचे सगळे निरोप मधल्या बोळातल्या एकाच डबीतून पुढे जायचे. मिनिटामिनिटाला राबून ती सव्वा महिन्यात संपली. पडदा शेवटचा आकडा धरून बसला, अठरा. माझ्या खोल्यांतला पंखा बंद पडला होता, ते कुणाला कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी वास आला म्हणून दार उघडलं. अळंब्या पिवळ्या, चिकट, वाऱ्याने उलटलेल्या छत्र्यांसारख्या.

धाकटीने बोळातली डबी उघडली. मग पडद्यावर माझी करामत पाहिली. मग मला.

"सेलच वाईट निघाले, आई."

म्हणजे आता मनाच्या मोठेपणातही हीच पुढे! माझा तिळपापड झाला.

"सेल चांगले होते," मी म्हणाले. "मी संपवले."

सासूबाईंनी किल्ली काढली आणि धाकटीच्या हातावर ठेवली.

"ताई, नव्या शेडमध्ये याल ना? तुमच्याशिवाय—"

"तुझ्या डब्या आहेत की."

कोणत्या आकड्याला हवा चांगली म्हणायची, हे धाकटीने डब्या लावल्या त्या पहिल्या दिवशी माझं मनगट आत धरायला लावून ठरवलं होतं.