फटफटीला लावलेली पाठ

दळायला गिरणी आली तेव्हापासून कौशल्याचं गाणं बंद पडलं होतं. ते पुन्हा सुरू झालं फटफटीमुळे.

वामनराव टेलिफोन खात्यात लाइनमन. बहात्तर साली त्यांनी लिलावातली जुनी फटफटी घेतली आणि दर रविवारी बायकोला मागं बसवून महाल भागातल्या घरून कळमेश्वरला, तिच्या माहेरी, नेऊ लागले. इंजिनाची घरघर थेट जात्यासारखी. ती सुरू झाली की कौशल्याच्या गळ्यातली ओवी आपोआप सुटायची. दोन्ही पाय डाव्या अंगाला सोडून बसलेली ती उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवायची आणि वाऱ्यानं शब्द उडू नयेत म्हणून त्यांच्या कानाशी वाकायची.

माहेराच्या वाटंवर गं उभी जवार डोलते,
कणीस कणसाच्या कानी, लेक आली बोलते.

जिनं चारचौघांत कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, रस्त्यानं जाताना दोन पावलं मागंच राहिली, तिचा हात भर बाजारात खांद्यावर. फटफटीवरचं कोणी वावगं धरत नाही. वामनराव आठवडाभर खांबांवर चढायचे ते या रविवारच्या भरवशावर.

मग एका रविवारी उतरता उतरता ती म्हणाली, पाठ पार मोडून गेली. एवढंच. बाया म्हणतातच असं. पण वामनराव ऐकणारे नवरे होते, आणि ऐकणाऱ्या नवऱ्याइतका घात दुसरं कोणी करत नाही.

इतवारीच्या बाजारात गिरिधर लोखंडी पलंग-खुर्च्या जोडायचा. त्याच्याकडे टॉकीजमधल्या मोडक्या खुर्चीची पाठ पडून होती. आत काथ्या भरला, वरून रिक्षाच्या सीटचं उरलेलं हिरवं रेक्झिन ताणलं, आणि अगदी स्वस्तात काम झालं. गिरिधरनं ती पाठ सीटच्या मागच्या टोकाला बसवली. कौशल्या नेहमीसारखी एका अंगाला बसली, तर ती हिरवी गादी तिच्या डाव्या कोपराला लागली.

"भाऊ," ती म्हणाली, "माही पाठ इकडं हाय. तुमी कोपराची सोय करून राहिले."

गिरिधर खजील झाला. त्यानं ती काढून सीटच्या उजव्या बाजूला, दोन नट आवळून, पक्की केली. आता कौशल्याची पाठ बरोबर टेकली. फक्त वामनरावांना पाय टाकायला जागा उरली नाही. ते पुढून, टाकीवरून, खिडकीतून शिरल्यासारखे चढू लागले. आळीतल्या बायका म्हणाल्या, नवरा असावा तर असा.

पुढच्या रविवारी कौशल्या मागं रेलली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. वाटेतल्या गोरेवाड्यापर्यंत वामनराव कान मागं लावून होते. वारा तेवढा ऐकू आला. गाणं होतं की नव्हतं, कोण जाणे. त्याच्या पुढच्या रविवारी तर तिचा डोळाच लागला.

"पाठ दुखते काय वं अजून?" त्यांनी आशेनं विचारलं.

"नाही जी. लई आराम हाय."

आता एवढ्या आरामाबद्दल तक्रार कोणत्या तोंडानं करायची? हात ठेव म्हणायला लग्नाला सोळा वर्षं झालेला माणूस धजत नाही. चार रविवार असे सुने गेल्यावर एका शनिवारी संध्याकाळी वामनरावांनी पाना काढला आणि पुढचा नट ढिला केला. पडायला नको, फक्त जरा हलायला हवं होतं, म्हणजे तिला धरून बसावं लागलं असतं. पान्याची मूठ का कोण जाणे पिवळी झाली होती. त्यांनी ती धोतराला पुसली.

रविवारी घरून निघतानाच कौशल्यानं हात खांद्यावर ठेवला. आज वारं हाय, म्हणाली. झाडाचं पानही हलत नव्हतं. वामनरावांना आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. माहेरी न्यायचा गूळ घ्यायला ते इतवारीत वळले, आणि हातगाड्यांच्या गर्दीत, गिरिधरच्या दुकानापासून वीस पावलांवर, ती हिरवी पाठ आख्खीच्या आख्खी खाली आदळली.

कौशल्या पडली नाही. खांदा तिनं आधीच धरला होता.

गिरिधर धावत आला, बोल्ट उलटेसुलटे करून पाहू लागला. एक नट ढिला होऊ शकतो, तो म्हणाला, दोन्ही होत नसतात. हे कोण्या दुष्टाचं काम. दुष्ट कोण असेल यावर दोघा नवरा-बायकोनं मनापासून हळहळ व्यक्त केली. आता वेल्डिंगच मारून देतो, फुकट, जन्मभर निघणार नाही, असं तो म्हणाला तेव्हा परत येताना थांबू असं दोघंही एकदमच बोलले.

गिरिधरचं दुकान मागं पडल्यावर कानाशी आवाज आला.

"म्या तं मागचा एकच केला होता."

वामनरावांना पान्यावरची हळद आता कळली. काही बोलायचं म्हणून त्यांनी हॉर्न वाजवला.

ती लोखंडी पाठ कौशल्यानं डाव्या हातानं मांडीवर धरली होती, कळमेश्वरला आईला चुलीपाशी टेकायला. लोखंडाची कड तिच्या बरगडीत रुतत होती. वाटेत दोन्ही अंगांना जवार उभी होती.

संध्याकाळी परतल्यावर ती कंबर धरूनच उतरली. पाठ लई दुखते, म्हणाली.

"मंग काय करावं?" वामनरावांनी विचारलं.

"काही नोका करू," ती म्हणाली.